मावशींची मूठ

उशीर म्हणजे काय असतं, हे मावशींना माहीतच नव्हतं. दवाखान्यात नंबर लावायचा तर कुलूप उघडायच्या आधी या बाई पायरीवर हजर. कुणाच्या लग्नाला गेल्या तर खुर्च्या मांडणारी माणसं त्यांनाच म्हणायची, "बाई, जरा त्या टोकाला धरा." शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले त्यांचे यजमान, त्यांना सगळे मास्तर म्हणत, ते तर वैतागून सांगायचे, "आमच्या घरातलं घड्याळ बरोबर आहे हो, ही बाईच पुढे आहे!" घरात पीठ मळायला घेतलं की वर एक मूठ जास्त पडणारच. कोण कधी दारात उभं राहील सांगता येतं का? आणि कुणी नाही आलं तर उरलेलं सकाळी मास्तरांच्या ताटात. मास्तर कुरकुर करत खायचे.

आता लोकांना वाटतं, विमान म्हणजे पायलट उडवतो, संपलं. अहो, पायलट विमानात चढायच्या आधी खाली कुणीतरी बसून सगळा बेत आखलेला असतो. कुठल्या वाटेने जायचं, किती उंचीवरून, वारा कुठला, आणि मुख्य म्हणजे इंधन किती घ्यायचं. त्या माणसाला डिस्पॅचर म्हणतात. मावशी डिस्पॅचर होत्या. त्यांचं दालन बिनखिडक्यांचं, थंडगार. भर उन्हाळ्यात त्या स्वेटर घालून बसायच्या आणि पाय एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायच्या, कारण फरशीतून गारठा वर चढायचा. समोर तीन पडदे, त्यांवर हिरवे ठिपके सरकत असायचे. एकेक ठिपका म्हणजे शे-दीडशे माणसं, हे त्या कधी विसरायच्या नाहीत. नव्या पोरापोरींना त्या दटावायच्या, "ठिपका ठिपका काय करताय? माणसं म्हणा."

मूठ त्यांनी इथेही सोडली नव्हती, आणि ती कुठे पडायची तेही सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. त्यांच्याकडची बरीच विमानं किनाऱ्यावरच्या एका विमानतळावर जायची. तिथे उतरता आलं नाही, तर डोंगरापलीकडे दुसरा विमानतळ. म्हणून प्रत्येक बेतात एक आकडा लिहिलेला असतो. पायलट त्याला 'निघायचा आकडा' म्हणत. वर घिरट्या घालत वाट बघायची, आणि टाकीतलं इंधन त्या आकड्यावर आलं की मुकाट डोंगरापलीकडे निघायचं. कॉम्प्युटर हा आकडा काढतो सरळ रेषेने, डोंगरावरून थेट. मावशी मात्र डोंगराला वळसा घालून जायचा हिशोब धरायच्या. दुपारी डोंगरावर ढग उभे राहतात, तिथून सरळ कोण जाऊ देतो? नियंत्रण कक्षवाले वळसाच घालायला लावतात, हे त्यांनी इतक्या वर्षांत शंभरदा पाहिलं होतं. त्यामुळे त्यांचा निघायचा आकडा इतरांपेक्षा भरलेला असायचा.

पायलट लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. 'मावशींची मूठ' असं नावच पडलं होतं. मावशींच्या कागदावरचा आकडा आला तरी एखादी फेरी जास्त मारता येते, असं ते एकमेकांना सांगायचे. मावशींच्या कानावर ते यायचं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं. माणसाला आपलं कौतुक कडू लागतं का कधी?

सगळ्यांत पक्का भरवसा होता मिशीवाल्यांचा. हे एक जुने कॅप्टन. मिशा अशा की पोरं त्यांच्याकडे बघून आधी दचकायची आणि मग हसायची. दुसऱ्या कुठल्या डिस्पॅचरची सही असली की हे गृहस्थ कागद खालीवर करून वाचायचे आणि वर आणखी इंधन मागून घ्यायचे. कुणी कपाळाला आठ्या घातल्या तरी ऐकायचे नाहीत. पण मावशींची सही दिसली की शेवटची पानं उलटायचेच नाहीत. "मावशींनी वाढलंय, आपण फक्त जेवायचं," असं म्हणायचे. निघताना मात्र एक फोन ठरलेला. दोन वाक्यं हवामानाची, एक वाक्य मास्तरांच्या गुडघ्याचं, आणि मग, "बरं मावशी, येतो."

आणि मग नवे साहेब आले.

साहेब वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. आवाज चढवायचे नाहीत, सगळ्यांना अहो-जाहो करायचे. त्यांचं म्हणणं सोपं होतं. विमान जितकं जास्त इंधन वाहून नेतं, तितकं ते वाहण्यासाठीच जास्त जळतं. विनाकारण वाहिलेलं इंधन म्हणजे शुद्ध उधळपट्टी. एका सकाळी त्यांनी सगळ्या डिस्पॅचरना बैठकीला बोलावलं आणि भिंतीवर आलेख दाखवला. त्यात एक रेघ बाकी सगळ्यांच्या वर होती. नाव लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांच्या माना मावशींकडे वळल्या.

"आजपासून पर्यायी विमानतळाचा हिशोब सरळ रेषेने," साहेब म्हणाले. "कॉम्प्युटर देईल तोच आकडा."

मावशी म्हणाल्या, "साहेब, दुपारी डोंगरावरून सरळ कुणी जाऊ देत नाही."

"वर्षभरात तुमची किती विमानं डोंगरापलीकडे गेली, मावशी?"

मावशींनी मनातल्या मनात मोजलं. बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नव्हती.

"आणि आणखी एक," साहेब हसत म्हणाले, "काही जण पायलटला फोनवर हळूच सांगतात, तुम्हीच जास्त मागा म्हणून. तेही मला कळतं. ते ज्यांना सोडवत नसेल, त्यांना आपण खाली दप्तरखान्यात बसवू. तिथे निवांत असतं."

मावशींच्या कानशिलांना आग लागली. इतकी वर्षं मान वर करून काम केलेली बाई, आणि तिला सगळ्यांसमोर दप्तरखाना दाखवतात! त्या जागेवर येऊन बसल्या, तोंडातल्या तोंडात साहेबांचा उद्धार केला आणि समोरचा बेत उघडला. तो मिशीवाल्यांचाच होता, किनाऱ्याचा. हात जुन्या सवयीने वळशाच्या वाटेकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला. सरळ रेषा धरली, आकडा खाली आला, सही केली. मनात म्हणाल्या, फोन येईलच, तेव्हा सांगू. ते मागून घेतील.

फोन आला. आणि नेमके त्याच वेळी साहेब दालनात फेरी मारत मावशींच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. हात पाठीशी, नजर पडद्यावर.

"मावशी," पलीकडून मिशीवाले म्हणाले, "आज आकडा जरा बारीक दिसतोय. वारा मागून आहे वाटतं? मूठ आहे ना?"

मावशींना पाठीमागून साहेबांचा वास येत होता, कसल्याशा साबणाचा. जिभेवर शब्द आला होता, 'नाही'. एवढा एकच शब्द. तो काही बाहेर पडला नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मी कधी उपाशी पाठवलंय का तुम्हाला?"

"ते काय विचारणं झालं! बरं मावशी, येतो."

साहेब पुढे सरकले. मावशींनी परत फोन लावायला हात उचलला, तेवढ्यात शेजारच्या डिस्पॅचरचं एक विमान बिघडलं आणि सगळं दालन त्यात गुंतलं. त्यातून डोकं वर काढलं तेव्हा मिशीवाल्यांचा ठिपका पडद्यावर सरकू लागला होता. टाकीत होतं तेवढंच आता होतं. आता सांगून उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला, असं मावशींनी स्वतःला समजावलं. किनाऱ्यावर लख्ख ऊन होतं. संध्याकाळी फोन करून सांगू, चेष्टा करतील आणि सोडून देतील. असं म्हणून त्यांनी डबा उघडला, आणि दोन घास खाऊन बंद केला.

दुपार कलली आणि समुद्रावरून धुकं आलं. अंदाजात त्याचा एका ओळीत उल्लेख होता, 'शक्यता थोडी.' आधी धावपट्टीचं टोक दिसेनासं झालं, मग धावपट्टीच. तिथले नियंत्रक सगळ्यांना सांगत होते, थोडं थांबा, वारा फिरतोय, उठेल. विमानं एकावर एक रचल्यासारखी घिरट्या घालू लागली. त्यात मिशीवाल्यांचा ठिपकाही होता. मावशींनी स्वेटर काढून खुर्चीला टाकला. त्यांना एकाएकी उकडायला लागलं होतं.

त्यांच्यासमोर विमानाने पाठवलेला इंधनाचा आकडा दर थोड्या वेळाने बदलत होता. तो खाली येत होता, तेवढंच त्याचं काम. निघायचा आकडा आला. मावशी ठिपक्याकडे बघत राहिल्या. आता वळतील, डोंगराकडे वळतील. ठिपका वळला, आणि परत त्याच घिरटीला लागला.

विमानात लेखी निरोप धाडायची सोय असते; पायलटजवळच्या छोट्या यंत्रातून कागदाची पट्टी निघते. मावशींनी लिहिलं, "आकडा आला. निघताय ना?"

उत्तर आलं. "उठतंय म्हणतात. एक फेरी बघतो. मूठ आहे."

मूठ आहे! अहो, कुठली मूठ? मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. घाईत दोनदा चुकीचं अक्षर दाबलं गेलं. "मूठ नाही. सरळ रेषेचा हिशोब आहे. आत्ता निघा."

वाट बघण्यात कितीसा वेळ गेला असेल! पण मावशींना तो संपेचना. ठिपका घिरटीच्या लांबच्या टोकाला होता. मग पडद्यावर ओळ उमटली.

"साहेब मागे उभे आहेत का?"

मावशींना आधी अर्थच लागेना, आणि मग लागला. भला माणूस समजत होता की बाईंना कुणीतरी असं लिहायला लावतंय. कागदावर काही असो, मावशींनी आतून आपल्यासाठी राखून ठेवलेलंच असणार. त्यांच्याच नावावर विसंबून तो माणूस वर फिरत होता. मावशींनी उगाचच मागे वळून पाहिलं. मागे पाण्याची बाटली घेऊन सफाईवाला चालला होता, बाकी कुणी नव्हतं. त्यांना वाटलं, ओरडावं. पण ओरडून वर कुणाला ऐकू जाणार?

त्यांनी लिहिलं, "मागे कोणी नाही. सकाळी होते. सकाळी मी खोटं बोलले. निघा."

आणि पाठवून दिलं. इतक्या वर्षांत असला निरोप त्या यंत्रातून कुणी धाडला नसेल. शेजारच्या डिस्पॅचरने तो वाचला आणि आपली खुर्ची जवळ ओढून बसला. उत्तर आलं नाही. ठिपक्याने घिरटीचं वळण अर्धं केलं, आणि मग सरळ झाला. डोंगराच्या दिशेने.

जिवात जीव यायला हवा होता, पण कसला येतोय! डोंगरावर दुपारचे ढग उभे होते, नेहमीसारखेच. वळसा घालायला लावला तर टाकीतलं पुरणार नव्हतं, हे आता जगात फक्त मावशींना आणि मिशीवाल्यांना कळत होतं. मावशींनी फोन उचलला. डोंगरापलीकडच्या विमानतळाला लावला, तिथून नियंत्रण कक्षाला लावून घेतला. इतक्या वर्षांत कुणाकडे काही मागितलं नव्हतं, ती बाई त्या दिवशी हातापाया पडायचीच बाकी राहिली. "सरळ येऊ द्या हो त्यांना. पाया पडते तुमच्या. वळसा नको. एवढं एक विमान सरळ येऊ द्या."

पलीकडची मुलगी म्हणाली, "मावशी, ढगात फट आहे एक. बाकीच्यांना बाजूला करते. बघते."

मावशी फोन कानाला तसाच धरून बसल्या. ठिपका डोंगरावर आला आणि तिथून हलेचना, असं त्यांना वाटलं. मग तो पलीकडे उतरू लागला. मग पडद्यावरून पुसला गेला. विमान टेकल्यावर ठिपका पुसला जातो, हे त्यांना आपल्या नावाइतकं माहीत होतं. तरीही त्या क्षणी त्यांच्या काळजाने ठाव सोडला.

"उतरले," फोनमधली मुलगी म्हणाली.

मावशींनी डोकं टेबलावर टेकलं आणि ढसाढसा रडल्या. लाज वाटली नाही त्यांना, का वाटावी?

बऱ्याच वेळाने मिशीवाल्यांचा फोन आला. आवाज बारीक होता. "मावशी, उतरल्यावर टाकीत नियमाने राहायला लागतं तेवढंच उरलं. बरोब्बर तेवढं. डोंगरावर वारा पाठीशी होता, म्हणून जादा घिरटीचं भरून निघालं. आणि ती फट मिळाली नसती तर..."

"मी सांगायला हवं होतं," मावशी म्हणाल्या.

"हो, हवं होतं." रागावले असते तर बरं झालं असतं, ते नुसते थकलेले वाटत होते. "तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी मागून घेतलं असतं. एवढंच तर होतं, मावशी. मागे साहेब असोत नाहीतर आणखी कुणी." त्या दिवशी त्यांनी मास्तरांच्या गुडघ्याचं विचारलं नाही.

घरी मास्तरांनी ताट वाढून ठेवलं होतं. मावशींनी सगळं सांगितलं. मास्तर बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "साहेबांना सांग. सगळं. दप्तरखान्यात बसवतील तर बसवू देत. उशिरा का होईना, सांग."

दुसऱ्या दिवशी मावशी साहेबांच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानेच सगळं बोलल्या. मूठ, फोन, खोटं, विनवण्या, सगळं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. समोरचा कागद त्यांच्याकडे फिरवला.

"पण मावशी, हे बघा ना. धुकं पडलं, घिरट्या झाल्या, डोंगरापलीकडे जावं लागलं. इतकं सगळं घडूनही सरळ रेषेचं इंधन पुरलं. नियमात बसलं."

"मी भीक मागितली म्हणून पुरलं, साहेब! ढगात फट होती म्हणून!"

"म्हणजे संपर्क उत्तम होता," साहेब म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते, मनापासून कौतुक करत होते. "आपण हे उदाहरण सगळ्यांना दाखवू. आणि दप्तरखान्याचं मनावर घेऊ नका हो, तुमच्यासारखी माणसं इथेच हवीत."

पुढच्या बैठकीत भिंतीवर मिशीवाल्यांचं उड्डाण होतं. हिरव्या रेघेने काढलेलं, डोंगरावरून सरळ. सगळ्या डिस्पॅचरना, सगळ्या मार्गांना तोच नियम लागू झाला. मावशी मध्येच उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे खोटं आहे." साहेब म्हणाले, "रेघ खोटी नाही, मावशी." आणि रेघ खरोखरच खोटी नव्हती, त्याला त्या काय करणार? त्या खाली बसल्या.

पण एक गोष्ट त्यांच्या हातात होती, आणि ती करायचीच असं त्यांनी ठरवलं. पायलटच्या फोनची वाट बघायची नाही. आपणच लावायचा आणि सांगून टाकायचं, तेही पहिल्या वाक्यात, कुणी मागे असो वा नसो. ठरवल्याबरोबर त्यांना जरा मोकळं वाटलं.

पहिला फोन त्यांनी एका नव्या कॅप्टनला लावला. उमदा पोरगा, मिशीवाल्यांच्याच हाताखाली शिकलेला. किनाऱ्यालाच चालला होता.

"नीट ऐका," मावशी म्हणाल्या. "माझ्या कागदात आता मूठ नसते. डोंगराचा आकडा उघडावाघडा आहे. तुम्हाला जास्त हवं असेल तर आत्ता मागून घ्या."

पोरगा हसला, अगदी आपलेपणाने, आणि आवाज खाली करून म्हणाला, "समजलं, मावशी, समजलं. मागे उभे आहेत ना? काळजी नको, मी कुणाला बोलणार नाही."

"अहो, मागे कुणी नाहीये! मी खरं सांगतेय!"

"तेच ते. सही तुमची आहे ना? मग मला कसला घोर! येतो, मावशी."

फोन बंद झाला. मावशींनी लगेच परत लावला. तो फोन बंद करून विमानात चढला होता. मग विमानातल्या यंत्रावर निरोप धाडला, "खरंच मूठ नाही. जास्त घ्या." उत्तरादाखल एक हसरा चेहरा आला. त्यांनी मागे वळून पाहिलं. सगळं दालन आपापल्या पडद्यात डोकं घालून बसलं होतं. पुढे पाहिलं, तर त्या पोराच्या विमानाचा ठिपका हलू लागला होता.